शोभेच्या दारूचे कारागीर आणि त्यांचे भवितव्य

शोभेची दारू तयार करणे हा भारतातील अशा मोजक्या व्यवसायांपैकी एक आहे, ज्याचा बहुतेक माल वर्षातील चार-पाच दिवसांत उडवून संपतो, परंतु ज्याचे काम जवळजवळ वर्षभर चालू असते. दिवाळी संपल्यावर महिनाभरात पुढच्या दिवाळीच्या मालाची तयारी सुरू होते, उन्हाळ्यात वाळवणीचे काम जोरात चालते, आणि श्रावण-भाद्रपदापासून व्यापाऱ्यांची मागणी वाढू लागली की कारखान्यांतील वेगही वाढत जातो. या व्यवसायाचे अर्थकारण, त्यातील मजुरीची पद्धत, त्यात होणारे अपघात आणि आज त्याच्या भवितव्याविषयी उभे राहिलेले प्रश्न या सगळ्यांच्या मुळाशी हे हंगामी गणित आहे. म्हणूनच फटाक्यांचा विचार केवळ प्रदूषणाच्या किंवा केवळ परंपरेच्या अंगाने केला, तर तो बनवणारी व्यक्ती त्या विचारातून बाहेर राहते. या प्रकरणात त्या व्यक्तीच्या कामाचा, म्हणजे ज्याला मराठीत पूर्वापार दारूकाम म्हटले जाते त्या कामाचा, आणि ते पुढे कोणत्या रूपात टिकेल याचा विचार केला आहे.

भारतातील दारूकामाचा इतिहास ज्यांनी प्रथम कागदपत्रांच्या आधारे मांडला, ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे होत. इ. स. १४०० ते १९०० या काळातील भारतीय आतषबाजीवरील त्यांचा अभ्यास आजही या विषयाचा पाया मानला जातो. १४४३ साली विजयनगरला आलेला पर्शियन वकील अब्दुर्रझाक याने महानवमीच्या उत्सवातील आतषबाजीची नोंद केली, ओडिशाचा गजपती राजा प्रतापरुद्रदेव याच्या नावावर असलेल्या ‘कौतुकचिंतामणी’ या संस्कृत ग्रंथात दारूकामाचे पाठ सापडतात, आणि सोळाव्या शतकात संत एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवरा’त कृष्णाच्या लग्नाचे वर्णन करताना त्या काळच्या लग्नसमारंभातील दारूकाम ओघानेच आणले आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात महादजी शिंदे यांनी कोट्याच्या दिवाळीतील ‘दारूच्या लंके’चे, म्हणजे दारूकामाने उभारून पेटवल्या जाणाऱ्या लंकेच्या खेळाचे, वर्णन सवाई माधवरावांना ऐकवले आणि तसा खेळ पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी करवून दाखवला, ही बखरीतील हकीकतही गोडे यांनी पुढे आणली आहे. या सर्व नोंदींत पाहणारे राजे आणि सरदार यांची नावे आहेत, पण लंका उभारणाऱ्या कारागिरांची नावे नाहीत. त्यांचे ज्ञान घराण्यात राहिले, बापाकडून मुलाकडे तोंडी गेले, आणि दरबार मोडल्यावर ते देवस्थानांच्या यात्रा, उरूस आणि लग्नाच्या वराती यांच्या आश्रयाने कसेबसे जगले.

दरबारी कारागिरीचा आजच्या कारखानदारीशी थेट संबंध मात्र फारसा नाही. आज देशातील फटाक्यांपैकी सुमारे ९० टक्के माल जिथे तयार होतो, ते तमिळनाडूच्या विरुधुनगर जिल्ह्यातील शिवकाशी हे गाव दारूकामाच्या परंपरेसाठी नव्हे, तर दुष्काळासाठी ओळखले जात होते. पाऊस कमी, शेती बेभरवशाची आणि हाताला काम नाही, अशा परिस्थितीत १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला पी. अय्या नाडार आणि ए. षण्मुग नाडार हे दोन तरुण काडेपेट्या बनवण्याचे तंत्र शिकण्यासाठी कलकत्त्याला गेले आणि परत येऊन त्यांनी गावात काडेपेटीचा व्यवसाय सुरू केला. शेतीला मारक ठरणारी कोरडी हवा या धंद्याला मात्र पोषक ठरली, कारण काडीवरचे गूल असो वा फुलबाजीवरचा लेप, तो उन्हात लवकर आणि पक्का वाळणे हीच मुख्य गरज होती. दुसऱ्या महायुद्धामुळे परदेशी फटाक्यांची आवक थांबली, १९४० मध्ये स्फोटकांविषयीचे नवे नियम आले, परवाना घेऊन कारखाना काढण्याची वाट मोकळी झाली, आणि काडेपेटीवाल्यांपैकी काही जण फटाक्यांकडे वळले. काडेपेटीची लेबले आणि फटाक्यांची वेष्टने छापता छापता तिथला छपाईचा उद्योगही एवढा वाढला की आज देशभरातील दिनदर्शिका, डायऱ्या आणि वह्या यांचा मोठा हिस्सा याच गावातून येतो. दुष्काळी भागाने स्वतःच्या बळावर उभी केलेली ही उद्योगनगरी आहे, आणि तिच्याविषयी कोणताही निर्णय घेताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

दारूकामाचे शास्त्र थोडक्यात असे सांगता येते. कोणत्याही ज्वलनाला प्राणवायू लागतो; लाकूड किंवा तेल तो हवेतून घेते, पण फटाक्यातील दारू कागदाच्या नळीत किंवा पुडीत बंद असल्याने तिला तो बरोबरच द्यावा लागतो. त्यासाठी मिश्रणात प्राणवायू सोडणारा एक क्षार असतो, ज्याला ऑक्सिडीकारक म्हणतात. जुन्या काळ्या दारूत हे काम सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, करत असे. दुसरा घटक इंधनाचा, म्हणजे कोळसा, गंधक किंवा ॲल्युमिनियमसारख्या धातूची भुकटी यांचा. तिसरा घटक रंग देणाऱ्या धातूंच्या क्षारांचा असतो: स्ट्रॉन्शियममुळे तांबडा, बेरियममुळे हिरवा, सोडियममुळे पिवळा आणि तांब्यामुळे निळा रंग येतो. चौथा घटक म्हणजे हे सारे एकत्र धरून ठेवणारा चिकट पदार्थ, जो बहुधा स्टार्चपासून केलेले डेक्स्ट्रिन असते. सामग्री एवढीच आहे, तरी कारागिराचे कौशल्य ती किती बारीक दळायची, किती दाबून भरायची, किती ओलसर ठेवायची आणि कोणत्या क्रमाने रचायची यात असते. त्याच घटकांतून एकदा संथ जळणारा भुईनळा होतो आणि एकदा कानठळ्या बसवणारा बॉम्ब.

निळ्या रंगाचे उदाहरण या कौशल्याची मर्यादा आणि उंची दोन्ही दाखवणारे आहे. ज्योतीत निळा प्रकाश देणारा तांब्याचा संयुग-रेणू फार नाजूक असतो. ज्योत जास्त तापली की तो तुटतो आणि रंग फिका पांढुरका होतो, आणि ती कमी तापली तर उजेडच पुरेसा पडत नाही. त्यामुळे गडद, स्वच्छ निळा रंग साधणे ही जगभरातील दारूकाम करणाऱ्यांची कसोटी मानली जाते, आणि जपानमधील स्पर्धांत जाणकार प्रेक्षक त्याकडे बारकाईने पाहतात. आकाशात फुटणाऱ्या गोळ्यात, ज्याला शिवकाशीच्या व्यापारात ‘फॅन्सी’ माल म्हणतात, रंगीत मिश्रणाच्या छोट्या गोळ्या रचलेल्या असतात. या गोळ्यांना तारे म्हणतात. खालची दारू गोळ्याला वर फेकते, संथ जळणारी वात वर जाईपर्यंतचा वेळ मोजते, आणि गोळा शिखरावर पोहोचण्याच्या क्षणी आतली दारू ताऱ्यांना चहूकडे उडवते. तारे एकमेकांपासून सारख्या अंतरावर आणि नेमक्या वर्तुळात बसवले असतील तरच आकाशातील फूल गोल उमलते. एका बाजूची रचना ढिली राहिली की फूल वाकडे येते. हे काम अजूनही पुष्कळसे हातानेच होते.

रोजच्या कामाचे स्वरूप समजण्यासाठी मात्र फुलबाजी पाहणे अधिक योग्य, कारण घरोघरी सर्वांत जास्त हाताळली जाणारी वस्तू तीच आहे. प्रथम लोखंडी तारेचे सारख्या लांबीचे तुकडे करतात आणि ते लाकडी चौकटीत ओळीने, एकमेकांना चिकटणार नाहीत अशा बेताने अडकवतात. दुसरीकडे ऑक्सिडीकारक क्षार, ॲल्युमिनियमची भुकटी, लोखंडाचा कीस आणि डेक्स्ट्रिन यांची पाण्यात घट्टसर खळ करतात. चौकट उलटी धरून तारांची टोके त्या खळीत ठरावीक खोलीपर्यंत बुडवतात, सरळ वर उचलतात, ओघळ निथळू देतात आणि चौकट उन्हात ठेवतात. पहिला लेप सुकला की दुसरा, काही प्रकारांत तिसरा. लेप एका बाजूला जाड झाला तर फुलबाजी जळताना वाकते, आतून ओला राहिला तर मध्येच विझते. फुलबाजी पेटल्यावर ज्या ठिणग्या उडतात ते लोखंडाचे तापलेले कण असतात आणि ते हवेत जळतात. त्या कणांत कर्ब असेल तर ठिणगी वाटेत फुटून तिला फाटे येतात, आणि लहान मुलांना आवडणारे ते ‘फूल’ तयार होते. हे काम करणाऱ्या स्त्रिया आणि पुरुष दिवसाच्या अखेरीस डोक्यापासून पायापर्यंत चंदेरी झालेले असतात, कारण ॲल्युमिनियमची भुकटी इतकी बारीक असते की ती कपड्यांतून, केसांतून आणि नखांतून सहजी निघत नाही. जे कातडीवर दिसते ते श्वासातूनही आत जाते, ही बाब मजुरीच्या हिशेबात मात्र कुठेच धरली जात नाही.

धोका सर्वांत जास्त असतो तो मिश्रण कालवण्याच्या आणि भरण्याच्या खोल्यांत. त्या एकमेकींपासून अंतर राखून बांधलेल्या, एकमजली आणि छोट्या असतात, आणि चारही बाजूंनी दारे ठेवलेली असतात, जेणेकरून काही घडले तर कोणत्याही दिशेने बाहेर पळता यावे. एका भरणीच्या खोलीत जास्तीत जास्त चार माणसे बसावीत, जवळ थोडीच दारू असावी, भरलेला माल लगेच हलवावा, असा दंडक आहे. खोलीत शिरण्यापूर्वी जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थितिज वीज उतरवावी लागते, कारण कृत्रिम धाग्याच्या कपड्यावर साचलेल्या विजेची एक ठिणगीही पुरेशी असते. हत्यारे लाकडाची किंवा पितळेची असतात, लोखंडाची नसतात. कालवणीचे काम सकाळच्या थंड वेळेत आटोपायचे असते आणि उरलेले मिश्रण रात्रभर ठेवायचे नसते. या शेवटच्या नियमामागचे कारण विशेष लक्षात घेण्यासारखे आहे: ॲल्युमिनियमची भुकटी आणि नायट्रेट यांच्या मिश्रणात दमटपणा शिरला की आतल्या आत रासायनिक क्रिया सुरू होऊन उष्णता साठत जाते, आणि कोणी काडी न लावताही ढीग पेट घेऊ शकतो. गंधकाबरोबर पोटॅशियम क्लोरेट मिसळले तर ते मिश्रण नुसत्या घासण्याने भडकते. ते स्वस्त पडत असल्याने पूर्वी सर्रास वापरले जाई, म्हणून १९९२ मध्ये केंद्र सरकारने अशा मिश्रणावर बंदी घातली.

नियम असे काटेकोर असताना अपघात का होतात, हा या व्यवसायाविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ५ सप्टेंबर २०१२ रोजी शिवकाशीजवळच्या मुदलीपट्टी येथील कारखान्यात झालेल्या स्फोटांत किमान ३८ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील अनेक जण कामगार नव्हते, पहिल्या स्फोटानंतर धावून आलेले आसपासचे लोक होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच जिल्ह्यातील अच्चनकुलम येथे वीसच्या वर माणसे गेली. अशा घटनांच्या चौकशीत पुन्हा पुन्हा तीच कारणे पुढे येतात. परवाना एकाचा असतो, पण त्याने आपल्या खोल्या वेगवेगळ्या ठेकेदारांना पोटभाड्याने दिलेल्या असतात. प्रत्येक ठेकेदाराला थोड्या महिन्यांत आपले भाडे आणि नफा काढायचा असतो, म्हणून चारांच्या जागी आठ माणसे बसतात आणि खोलीबाहेर झाडाखालीही भरणी चालते. मजुरी नगावर असते, म्हणजे जितका माल भरला तितके पैसे, आणि त्यामुळे सावकाश, नियमाप्रमाणे काम करणाऱ्याला शिक्षाच होते. सणाच्या आधीच्या आठवड्यांत तर ही घाई शिगेला पोहोचते. दारू मुळात धोकादायक आहे हे खरेच, पण तिच्यामुळे जाणारे बहुतेक बळी हे नगावरच्या मजुरीचे आणि पोटभाड्याचे बळी आहेत, आणि या व्यवसायाच्या भवितव्याची चर्चा इथूनच सुरू व्हायला हवी.

महाराष्ट्रातील चित्र याहून वेगळे नाही. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांसाठी मराठवाड्याबाहेरही प्रसिद्ध आहे आणि ‘तेरखेडी तोटा’ हे नाव ग्रामीण महाराष्ट्रात मोठ्या आवाजाच्या फटाक्याचे दुसरे नाव बनले आहे. या पट्ट्यातही पाऊस अपुरा आणि शेती जिरायती, म्हणजे शिवकाशीचीच परिस्थिती. जवळच्या बार्शी तालुक्यात पांगरी परिसरातील फटाका कारखान्यात १ जानेवारी २०२३ रोजी स्फोट होऊन कामगार स्त्रियांना जीव गमवावा लागला. त्याच वर्षी ८ डिसेंबरला पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या बनवणाऱ्या बेकायदा कारखान्याला आग लागली आणि त्याच दिवशी सहा जणांचा मृत्यू झाला, ज्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. नंतर उपचार चालू असताना मृतांची संख्या वाढत गेली. केकवरची ती मेणबत्ती फटाका म्हणून कोणी मोजत नाही, पण तिच्यात भरलेली सामग्री दारूकामाचीच असते, आणि ती बनवणाऱ्या स्त्रियांना आपण कोणते काम करत आहोत याची पुरेशी कल्पनाही दिलेली नसते. व्यवसायाची व्याख्या कागदावर अरुंद राहिली की माणसे तिच्या बाहेर मरतात.

बालमजुरीच्या बाबतीत मात्र सुधारणा घडून आली आहे. काडेपेटी आणि फटाक्यांच्या कारखान्यांत मुलांना राबवण्याचा प्रश्न महेश चंद्र मेहता यांच्या याचिकेमुळे सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने अशा प्रत्येक मुलामागे मालकाकडून २०,००० रुपये वसूल करून त्याच्या पुनर्वसनासाठी वापरण्याचा आदेश दिला. त्यानंतर कारखान्यांच्या आवारातून मुले मोठ्या प्रमाणात बाहेर पडली. घरी नेऊन केल्या जाणाऱ्या कामावर, उदाहरणार्थ कागदी नळ्या वळण्यावर, नजर ठेवणे अवघड असते. पण कायदा, न्यायालय आणि शाळा एकत्र आल्यास या उद्योगाची जुनी सवयही मोडता येते, हे या अनुभवाने सिद्ध केले.

गेल्या दशकात व्यवसायावर सर्वांत मोठा परिणाम झाला तो पर्यावरणविषयक निकालांचा. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी अर्जुन गोपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांवर सरसकट बंदी नाकारली, परंतु बेरियमच्या क्षारांचा वापर थांबवला, माळा किंवा लडींचे उत्पादन व विक्री बंद केली, ऑनलाइन विक्रीस मनाई केली आणि दिवाळीत रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. ग्राहकाला या निर्बंधांपैकी वेळेचा निर्बंध जाणवला. कारागिराला बेरियम आणि लड हे दोन निर्बंध जाणवले. बेरियम नायट्रेट हवेतील ओल फारशी शोषत नाही, महिनोन्‌महिने साठवता येते आणि रंग व प्राणवायू दोन्ही देते, म्हणून फुलबाजी, भुईचक्र आणि भुईनळा यांचा सारा हिशेब त्यावर बसवलेला होता. त्याच्या जागी येणारा स्ट्रॉन्शियम नायट्रेट महाग आहे आणि ओल लवकर धरतो, म्हणजे कारागिराला दळण्यापासून वाळवण्यापर्यंतची जुनी अंगवळणी पडलेली मापे सोडून द्यावी लागली. लड विणणे हे तर बहुतांशी स्त्रियांचे काम होते, आणि ते एका आदेशाने बेकायदा ठरले. निकालानंतर शिवकाशीतील कारखाने सुमारे चार महिने बंद राहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये बेरियमला पुन्हा परवानगी देण्याची उत्पादकांची मागणी न्यायालयाने फेटाळली. मुंबई उच्च न्यायालयानेही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई परिसरासाठी रात्री आठ ते दहा हीच वेळ ठरवली. निकालांमागचा हेतू योग्यच होता, कारण दिवाळीच्या रात्री श्वास कोंडणाऱ्या दमेकऱ्याचा हक्क कोणत्याही धंद्याहून मोठा आहे. तथापि ज्यांचे काम गेले त्यांना दुसरे काम शिकवण्याची तरतूद त्याच वेगाने व्हायला हवी होती, आणि ती झाली नाही.

या बदलातून जो नवा मार्ग निघाला, त्याचा उगम महाराष्ट्रात आहे. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, २०१८ मध्ये ‘हरित फटाक्यां’ची सूत्रे पुढे आणली. ‘स्वास’ प्रकारात फटाका फुटताना पाण्याची वाफ बाहेर पडून धूळ काही प्रमाणात खाली बसते, ‘स्टार’ प्रकारात पोटॅशियम नायट्रेट आणि गंधक टाळलेले असते, आणि ‘सफल’ प्रकारात ॲल्युमिनियमचे प्रमाण कमी केलेले असते. या फटाक्यांतून सूक्ष्म कणांचे उत्सर्जन नेहमीच्या फटाक्यांपेक्षा किमान ३० टक्के कमी व्हावे, अशी अट आहे, आणि खऱ्या मालाच्या वेष्टनावर नीरीची खूण व क्यूआर कोड असतो. हरित म्हणजे धूरविरहित नव्हे. उरलेला सत्तर टक्क्यांपर्यंतचा धूर तसाच राहतो, आणि हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले जात नाही. पण कारागिराच्या दृष्टीने या बदलाचा एक वेगळाच अर्थ आहे. घराण्यात किंवा कारखान्यात गुप्त ठेवलेल्या पाठाऐवजी प्रयोगशाळेत तपासलेले, नोंदवलेले आणि ठरावीक मापांचे सूत्र आल्याने, मोजमाप समजणारा, नोंद ठेवणारा आणि रसायनशास्त्राची तोंडओळख असलेला कामगार आता अधिक उपयोगी ठरतो. विशेष म्हणजे देशभरातील स्फोटकांचे परवाने आणि तपासणी पाहणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे, मुख्य कार्यालयही नागपुरातच आहे.

यापुढील काळात बदल दोन दिशांनी येत आहे. पहिली दिशा यंत्रांची. जगातील सर्वांत मोठे फटाका-केंद्र असलेल्या चीनच्या हुनान प्रांतातील लिऊयांग येथे दारू कालवण्याची आणि भरण्याची कामे मोठ्या प्रमाणावर यंत्रांकडे गेली आहेत, आणि माणूस भिंतीपलीकडून ती चालवतो. तिथेही अपघात थांबलेले नाहीत, तरी धोक्याच्या क्षणी खोलीत माणूस नसणे हा फरक मोठा आहे. भारतात मजुरी स्वस्त असल्याने आणि पोटभाड्याच्या ठेकेदाराला दीर्घ मुदतीची गुंतवणूक परवडत नसल्याने यंत्रे मंद गतीने येतात. यंत्रे आली की हातांची संख्या घटेल ही भीती खोटी नाही. पण घटणारे हात भरणीच्या खोलीतले असतील, आणि नळ्या करणे, वेष्टन, तपासणी, यंत्रांची देखभाल ही कामे राहतील, अशा पद्धतीने तो बदल आखता येतो.

दुसरी दिशा आकाशातील स्पर्धेची आहे. २९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीच्या ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्यात १,००० ड्रोनांनी आकाशात चित्रे उभी केली, आणि तेव्हापासून मोठ्या शासकीय व व्यावसायिक समारंभांत ड्रोनचा वापर वाढत आहे. ड्रोनला धूर नाही आणि तो पुन्हा वापरता येतो. पण त्याला परवानगी, बॅटऱ्या, कुशल चालक आणि मोठा खर्च लागतो, म्हणून अंगणातल्या फुलबाजीची जागा तो घेऊ शकत नाही. त्याचा धक्का बसेल तो फॅन्सी मालाला आणि मोठ्या प्रदर्शनांना. अनेक देशांत याच प्रदर्शनांतून एक स्वतंत्र, शिक्षित व्यवसाय उभा राहिला आहे: दारूकामाचे प्रदर्शन आखणारा तंत्रज्ञ संगणकावर संगीताच्या तालाशी प्रत्येक गोळ्याची वेळ जुळवतो आणि दुरूनच विजेच्या साहाय्याने तो पेटवतो. महाराष्ट्रात गावोगावच्या यात्रांत आजही दारूकामाची प्रदर्शने होतात, आणि ती करणाऱ्यांना आकाशाची, वाऱ्याची आणि वेळेची समज पिढीजात आहे. अशा माणसांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र मिळाले, तर कमी मालात अधिक परिणाम साधणारी, शहराबाहेर ठरावीक ठिकाणी होणारी सामूहिक प्रदर्शने हा घरोघरच्या धुरावरचा आणि कारागिराच्या बेकारीवरचाही उपाय ठरू शकतो.

सरसकट बंदी हा सोपा मार्ग वाटतो, पण तिचे परिणाम तपासून पाहिले पाहिजेत. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी मध्य प्रदेशातील हरदा येथे फटाका कारखान्यात भीषण स्फोट झाला. पुढच्या वर्षी १ एप्रिलला गुजरातमधील डीसा येथे बेकायदा साठ्याच्या ठिकाणी स्फोट होऊन २१ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा मृतांत हरदा आणि देवास जिल्ह्यांतून आलेले मजूर होते. एका ठिकाणचे काम थांबले की ज्यांना दुसरे काही येत नाही ती माणसे दुसऱ्या ठिकाणी, अधिक लपलेल्या आणि अधिक धोक्याच्या छपराखाली जाऊन तेच काम करतात. मागणी कायम असताना परवान्याची दारे बंद झाली तर दारूकाम संपत नाही, ते नोंदीबाहेर जाते.

म्हणून या व्यवसायाला भवितव्य आहे का, याचे उत्तर आकाशातील ड्रोनवर जेवढे अवलंबून आहे त्याहून अधिक ते जमिनीवरच्या तीन निर्णयांवर अवलंबून आहे: परवाना ज्याच्या नावाचा त्यानेच कारखाना चालवावा, भरणीच्या कामाची मजुरी नगावर नव्हे तर दिवसावर द्यावी, आणि कालवणी व भरणीची कामे टप्प्याटप्प्याने यंत्रांकडे जावीत. हे झाले तर पुढच्या पन्नास वर्षांत दारूकाम करणारे संख्येने कमी, पण शिकलेले, विमाधारक आणि आपल्या कलेचे नाव घेऊन जगणारे कारागीर असतील, असे मानायला आधार आहे. न झाल्यास व्यवसाय मोडेल आणि अपघात मात्र उरतील. नागपुरात नीरीची प्रयोगशाळा आणि पेसोचे मुख्य कार्यालय या दोन्ही संस्था एकाच शहरात आहेत. त्यांच्याकडील ज्ञान, मराठी भाषेत आणि कामगाराच्या हाती पडेल अशा रूपात, तेरखेड्याच्या आणि बार्शीच्या भरणीच्या खोल्यांपर्यंत नेण्याची जबाबदारी महाराष्ट्र शासनाने आणि या उद्योगाच्या मालकांनी पुढची दिवाळी येण्याआधी उचलावी.